पेटी उघडलीस की लगेच आवरायला बसू नकोस

नव्या नोकरीत जुन्या घराण्याच्या कागदांची पहिली पेटी समोर आली की हात शिवशिवतील, सगळं नीट लावून ठेवावंसं वाटेल. आपल्या घरच्या बायकांचं वळणच ते. पण आत्याचं ऐक, पहिल्या दिवशी नुसतं बघ. फोटो काढ. कुठला गठ्ठा वर होता, कुठला तळाशी, कुठली फीत कशाभोवती बांधली होती, ते पेन्सिलीने टिपून ठेव. पेन त्या खोलीत न्यायचंच नाही.

पत्रं तारीखवार लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावू नकोस. एखाद्या बाईने नवऱ्याची आणि दिराची पत्रं एकाच फितीत बांधली असतील, तर तिच्या मनात काहीतरी असणारच. तारखेप्रमाणे यादी करता येते, पण मोडलेला गठ्ठा पुन्हा तसाच बांधता येत नाही.

न्यू इंग्लंडच्या घरांत वाळवीची आणि कसरीची भीती फार सांगतात. मी म्हणते, घरच्यांनी त्याहून जास्त कागद संपवलेत. कवयित्री एमिली डिकिन्सन १८८६ साली गेली, तेव्हा तिला आलेली जवळजवळ सगळी पत्रं तिच्या बहिणीने, लाव्हिनियाने, जाळून टाकली. यात दुष्टपणा नव्हता, त्या काळची रीतच तशी होती. आज एमिलीची जी पत्रं आपण वाचतो, ती तिने ज्यांना लिहिली त्यांच्या घरांतून जमवलेली आहेत. तेव्हा हे पक्कं ध्यानात ठेव: एका घराची अर्धी गोष्ट नेहमी दुसऱ्या घरात असते. यादी करताना पत्र कुणाकडून आलं एवढंच लिहून थांबू नकोस. त्या माणसाचे कागद आज कुठल्या संस्थेत आहेत तेही शोध.

वारस घाबरला की काडी ओढतो, म्हणून त्याला धीर दे. रॉबर्ट टॉड लिंकनने वडिलांचे, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनचे, कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हवाली केले ते अट घालून: आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं ते उघडायचे नाहीत. तो १९२६ मध्ये वारला आणि २६ जुलै १९४७ ला ते कागद खुले झाले. लोकांना वाटत होतं, हत्येच्या कटाचं काहीतरी बाहेर पडेल. तसं काही निघालं नाही. पण अटीमुळे कागद तरी राहिले. कुणी ‘हे कधीच दाखवू नका’ म्हणालं तर वाद घालत बसू नकोस. त्यांच्याकडून एक तारीख मागून घे आणि ती लेखी घे. तारखेशिवायची बंदी मात्र मान्य करू नकोस.

राष्ट्राध्यक्षांच्या ॲडम्स घराण्याचा वेगळाच थाट. आपल्या कागदांसाठी आगीपासून सुरक्षित इमारत व्हावी ही जॉन क्विन्सी ॲडम्सची इच्छा. मुलाने, चार्ल्स फ्रान्सिसने, १८७० मध्ये क्विन्सी गावातल्या घराशेजारी दगडी ग्रंथालय बांधून ती पुरी केली. १९५६ मध्ये घराण्याने सगळे कागद मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिले. त्यांच्या मायक्रोफिल्मची ६०८ रिळं झाली! मात्र याच चार्ल्स फ्रान्सिसने १८४० साली आजीची, अ‍ॅबिगेलची, पत्रं छापली तेव्हा तिचं स्पेलिंग सुधारलं, काही मजकूरही गाळला. म्हणून पत्र पुस्तकात छापून आलंय, आता मूळ कशाला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आता हाताच्या कामाचं. त्या काळातली शाई बहुतेक मायफळ आणि हिराकसाची. सुरुवातीला काळी असते, वर्षं गेली की तपकिरी होते आणि जिथे दाट पडली असेल तिथे कागद खात जाते. अशा पत्राला ओल दाखवायची नाही, घडीवर दाबायचं नाही. घडी चिवट असेल तर जाणकाराकडे दे, तू वाफ देत बसू नकोस. चिकटपट्टी, गोंद, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. विसाव्या शतकात मोठमोठ्या दप्तरखान्यांनी हौसेने कागद प्लास्टिकच्या पापुद्र्यात बंद केले. नंतरच्या लोकांना ते सोडवत बसावं लागलं. गंजकी टाचणी ओढायची नाही, खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून अलगद सोडवायची. पांढरे हातमोजे सिनेमात शोभतात. पत्रांना धुतलेले, कोरडे हात बरे, बोटांना कड कळते. मोजे फोटोंसाठी ठेव.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा कागद चिंध्यांचा, म्हणून अजून धडधाकट आहे. पुढे लाकडाच्या लगद्याचा आला, तो पिवळा पडून कुरकुरतो. पत्रात वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर त्याचा डाग शेजारच्या पानावर उतरलेला दिसेल. ते वेगळ्या पाकिटात ठेव आणि कुठल्या पत्रातून निघालं ते त्यावर लिही. केसांची बट, वाळलेलं फूल यांनाही हाच नियम.

पाकिटं टाकू नकोस हे बजावून सांगते. १८४५ च्या आधी टपाल हशील कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर असायचं. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पत्रच दुमडून लाखेने बंद करायचे आणि पाठीवर पत्ता घालायचे. पैसे वाचवायला लिहिलेलं पान आडवं फिरवून त्यावरच पुन्हा लिहायचे. वाचताना डोळे दुखतात. तिरक्या उजेडात धरलं तर सोपं जातं. पुढे तिकिटं जमवणाऱ्यांनी कोपरे आणि सह्या जमवणाऱ्यांनी सह्या कापून नेल्या. अशी भोकं दिसली तर तीही यादीत लिही.

पेटी पोटमाळ्यावर किंवा तळघरात ठेवू देऊ नकोस. न्यू इंग्लंडमधला पोटमाळा उन्हाळ्यात भाजतो, हिवाळ्यात गोठतो. घराच्या मधली, बाहेरची भिंत नसलेली खोली निवड: वीस अंशांच्या आसपास, आर्द्रता पस्तीस ते पन्नास टक्के.

कधी दक्षिणेतल्या घराण्याचे कागद हाती आले तर मालकाच्या सुंदर अक्षरात गुंतून राहू नकोस. हिशेबाच्या वह्या आधी बघ. उत्तर कॅरोलायनाच्या कॅमरॉन घराण्याने सुमारे ९०० माणसं गुलामीत ठेवली होती. त्यांचे कागद चॅपल हिलच्या विद्यापीठात आहेत. अशा वह्यांत कांबळी, जोडे कुणाला दिले त्यांची नावं असतात. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या शिरगणतीत बहुतेकांची वयं लिहिली, नावं नाहीत. आज कुणी आपल्या पणज्यांच्या मागचं माणूस शोधत येतं, तेव्हा कित्येकदा त्याला फक्त अशी वहीच सापडते. ती सगळी नावं यादीत उतरव, भले एखाद्या सेनापतीच्या पत्रांची नोंद आठवडाभर लांबेना.

एक शेवटचं. आनंदीबाई जोशींचं चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनमध्ये छापलं ते कॅरोलाइन डॉलने. ती बाई सत्तर वर्षांहून अधिक काळ रोजनिशी लिहीत होती. तिचे कागद याच हिस्टॉरिकल सोसायटीत, बॉयल्स्टन स्ट्रीटवर आहेत. वाचनालय कुणालाही फुकट आहे. नोकरी सुरू व्हायच्या आधी वेळ ठरवून एकदा वाचक म्हणून तिथे जाऊन बस, आणि पेन्सिल घेऊन जा.