छोटीच्या डोक्यातल्या उवांबद्दल

चि. सोनूस,


फोनवर तुझा आवाज ऐकून मला आधी वाटलं, घरात काहीतरी भलतंच घडलंय. उवा निघाल्या एवढंच कळल्यावर जीव भांड्यात पडला. आरोग्यसेविकेच्या नोकरीत शाळा-वसतिगृहांतल्या मुलींची डोकी तपासण्यात माझी हयात गेली. फोनवर मी सांगितलेलं तू निम्मं विसरली असशील, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी त्या पोरीवर ओरडणं बंद कर. उवा घाणीमुळे होत नाहीत. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही त्या मजेत राहतात आणि पाण्याखाली तासन्‌तास तग धरतात, त्यामुळे नुसत्या शाम्पूने त्यांचं काही बिघडत नाही. त्यांना उडता येत नाही, उडी मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की या केसावरून त्या केसावर चालत जातात. डोक्यातल्या उवांमुळे कुठला रोग पसरत नाही. फार खाजवलं तर जखमा होऊन पिकतात. तसं काही दिसलं किंवा मानेत गाठी आल्या, तर मात्र डॉक्टरकडे जा.

आणि ‘मागच्या आठवड्यातल्या सहलीतून आणल्या’ हे खूळ डोक्यातून काढ. खाज म्हणजे उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. पहिल्याच खेपेला ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे ही पाहुणी तुमच्याकडे केव्हाचीच मुक्कामाला असणार. कुणाकडून आली याचा तपास लावत बसू नकोस, त्यातून फक्त भांडणं निघतात.

आता बघायचं कसं ते सांगते. लिखा कानांमागे आणि मानेवरच्या केसांत जास्त सापडतात. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख केसाला डिंकाने चिकटवल्यासारखी घट्ट बसलेली असते. पण नुसत्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावायला धावू नकोस. ऊ अंडी घालते ती टाळूलगत, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे टाळूपासून सेंटीमीटरभर पुढे सरकलेली लीख बहुधा फुटून रिकामी झालेली किंवा मेलेली असते. जिवंत ऊ दिसली तरच उपचार. ती कोरड्या केसांत पळून लपते, म्हणून केस ओले करून भरपूर कंडिशनर लाव आणि थोडे थोडे केस वेगळे करून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचर. दर खेपेला फणी पांढऱ्या कागदावर पूस. कागदावर तिळाएवढं काही वळवळलं, की शंकाच मिटली.

ही बारीक दातांची फणी काही आजची नाही. इस्रायलमध्ये लाखीश इथल्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक फणी सापडली, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. एका बाजूला गुंता सोडवायचे जाड दात, दुसऱ्या बाजूला उवा-लिखांसाठी बारीक. आणि वर कोरलेलं काय, तर या दंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत! आपल्या आजीच्या लाकडी फणीचीच घडण की ही. औषधाच्या बाटल्या बदलत गेल्या, पण फणीचं काम अजून कुणी काढून घेतलेलं नाही.

औषध म्हणजे परमेथ्रिन, १ टक्क्याचं. ५ टक्क्यांचं खरजेसाठी असतं, ते चुकूनही डोक्याला नको. केस धुऊन पुसून दमट असताना लावायचं, आधी कंडिशनर नको. दहा मिनिटांनी धुऊन टाकायचं. सगळ्या आया इथवर नीट करतात आणि इथेच थांबतात. या औषधाने चालत्या उवा मरतात, लिखा बऱ्याचशा वाचतात. त्या सात ते दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लं आणखी नऊ-बारा दिवसांत स्वतः अंडी घालू लागतात. म्हणून दुसरा हात नवव्या दिवशी द्यायचा, पिल्लं बाहेर आलेली असतात पण वयात आलेली नसतात तेव्हा. रविवारी लावलंस तर पुढचा रविवार ओलांडून येणारा मंगळवार. कॅलेंडरवर आजच खूण कर. पहिल्या हातानंतर दोन दिवस डोकं धुवायचं नाही. मग दर तीन दिवसांनी फणी, दोन-तीन आठवडे. दोनदा लावूनही जिवंत उवा निघाल्या, तर औषध वाढवू नकोस, डॉक्टरांना दाखव.

सासूबाई सीताफळाच्या बियांची पूड लावायला सांगताहेत म्हणालीस. गोड बोलून टाळ, पण टाळच. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला जबर इजा होते. रॉकेल तर नाहीच नाही, कापूरही नको. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. सासूबाईंच्या हाती फणी दे. दुपारी पायरीवर बसून पोरीच्या केसांतून एकेक लीख निवडण्याची चिकाटी त्यांच्या पिढीइतकी तुझ्यात नाही, रागावू नकोस.

त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघ, जावईबापूंचंही. ज्यांच्यात सापडतील त्यांना आणि छोटीच्या शेजारी झोपणाऱ्याला एकाच वेळी औषध. उशांचे अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात टाक, कंगवे कडकडीत गरम पाण्यात दहा मिनिटं बुडव. घरभर फवारे मारू नकोस. डोक्यावेगळी ऊ एक-दोन दिवसांत मरते. गोटा करायची भाषा तर काढूच नकोस. शाळेला पाठवताना दोन घट्ट वेण्या घाल.

पहिलं औषध लागलं की दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊ दे. आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणींच्या आयांना फोन कर. अवघड वाटेल, पण सरळ म्हण, ‘आमच्याकडे उवा निघाल्या, औषध केलंय, तुमच्याकडेही एकदा बघून घ्या.’ त्यांनी बघितलं नाही, तर महिन्याभरात तू मला पुन्हा फोन करशील.

तुझी,
मावशी