समुद्राला बांध घालणारी माणसे

उत्तर अमेरिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर, अटलांटिक महासागरात शिरलेला कॅनडाचा एक लहानसा प्रांत आहे. त्याचे नाव नोव्हा स्कोशिया. लॅटिन भाषेतील या नावाचा अर्थ ‘नवे स्कॉटलंड’ असा होतो. नकाशात पाहिले असता, एखादे जहाज खंडाच्या कडेला नांगर टाकून उभे असावे, तसा हा प्रांत दिसतो. सुमारे २४ किलोमीटर रुंदीची चिग्नेक्टो संयोगभूमी तेवढी त्यास मुख्य भूमीशी जोडते. येथील कोणतेही गाव समुद्रापासून फार दूर नाही. त्यामुळे या प्रांताचा इतिहासही समुद्रानेच घडविला आहे.

या भूमीचे मूळ रहिवासी मिकमाक लोक होत. हजारो वर्षांपासून ते येथे मासेमारी व शिकार करून राहत आले आहेत. भूर्जाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून ते नद्या व सरोवरे पार करीत. केजिमकुजिक सरोवराच्या काठच्या पाटीच्या दगडांवर त्यांनी कोरलेली माणसांची, प्राण्यांची व गलबतांची चित्रे आजही दृष्टीस पडतात.

इ. स. १६०५ मध्ये फ्रेंचांनी येथे पोर्ट रॉयल नावाची वसाहत स्थापन केली. या प्रदेशाला ते ‘आकादी’ म्हणत. पुढे फ्रान्सहून आलेली शेतकरी कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांच्या वंशजांना आकादीय लोक असे नाव पडले. मिकमाक लोकांशी त्यांचे सख्य जमले. याचे एक कारण असे, की शेतीसाठी त्यांनी शिकारीची राने फारशी तोडली नाहीत. त्यांनी जमीन मिळविली ती समुद्राकडून!

प्रांताच्या पश्चिमेस फंडीचा उपसागर आहे. जगातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी येथेच होते. दिवसातून दोन वेळा समुद्राचे पाणी चढते व उतरते. काही ठिकाणी हा चढ-उतार १६ मीटरांपर्यंत, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या उंचीइतका असतो. या उपसागराच्या माइनस नावाच्या फाट्यावर विस्तीर्ण दलदल होती. भरतीने आणलेला गाळ अत्यंत सुपीक. परंतु त्यात मीठ भरलेले. अशा भूमीत धान्य कसे पिकावे?

आकादीय शेतकऱ्यांनी यावर एक नामी युक्ती योजली. गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली चिखलाची ढेपे कुदळीने कापून त्यांनी लांबच लांब बांध रचले. बांधाच्या तळाशी लाकडी मोरी बसविली आणि मोरीत एक झुलती झडप अडकविली. ओहोटीच्या वेळी आतील पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडे. भरती आली, की समुद्राच्या दाबानेच ती झडप बंद होई व खारे पाणी बाहेरच थोपविले जाई. या योजनेला ते ‘आब्वातो’ म्हणत. आपल्या कोकणातील खारबांधांची उघाडी किंवा गोव्याच्या खाजणांतील ‘मानस’ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे तत्त्व चटकन उमगेल. दोन-तीन वर्षांच्या पावसाने व हिमाने जमिनीतील मीठ धुऊन जाई आणि मग तेथे गव्हाची शेते डोलू लागत.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. बांध एका ठिकाणी फुटला, तर साऱ्या गावाचे शेत बुडे. म्हणून बांध घालणे व राखणे हे सर्वांचे सामायिक कर्तव्य असे. या परिश्रमातून ग्रां-प्रे हे गाव भरभराटीस आले. ग्रां-प्रे म्हणजे ‘मोठे कुरण’.

परंतु या सुखाला युद्धाची दृष्ट लागली. फ्रान्स व इंग्लंड यांच्यात साम्राज्यासाठी झगडा चालू होता. १७१३ च्या तहाने हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. नव्या राज्यकर्त्यांनी आकादीय लोकांकडे बिनशर्त एकनिष्ठेची शपथ मागितली. ‘आम्ही शांततेने राहू; परंतु फ्रेंचांविरुद्ध किंवा मिकमाकांविरुद्ध शस्त्र धरणार नाही,’ अशी त्यांची भूमिका होती. काही काळ ती चालवून घेण्यात आली. १७४९ मध्ये इंग्रजांनी हॅलिफॅक्स नगर वसविले. पुढे युद्धाचे ढग पुन्हा जमले, तेव्हा गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स याने साऱ्या आकादीय जनतेला हद्दपार करण्याचे ठरविले.

५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्रां-प्रे येथील पुरुषांना व दहा वर्षांवरील मुलांना चर्चमध्ये हजर राहण्याचा हुकूम सुटला. ४१८ पुरुष व मुले जमली. दारे बंद झाली, बाहेर शिपायांचा पहारा बसला. कर्नल जॉन विन्स्लो याने राजाज्ञा वाचून दाखविली : त्यांची जमीन, घरे व गुरे सरकारजमा झाली आहेत, पैसे व बरोबर नेता येईल तेवढे घरगुती सामान घेऊन त्यांनी हा प्रांत सोडावा. पुढील आठवड्यांत गलबतांवर चढताना कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. कोणी परत येऊ नये, म्हणून घरे व कोठारे जाळण्यात आली. १७६३ पर्यंत सुमारे दहा हजार लोक अशा रीतीने देशोधडीला लागले. रोगराईने व जहाजे बुडाल्याने हजारो प्राणांस मुकले.

माणसे गेली, समुद्र मात्र तेथेच होता. १७५९ च्या नोव्हेंबरात मोठे वादळ होऊन बांध फुटले व शेतांत खारे पाणी शिरले. पुढल्या वर्षी न्यू इंग्लंडमधून आणलेल्या शेतकऱ्यांना या जमिनी देण्यात आल्या. पण त्यांना बांध दुरुस्त करण्याची विद्या अवगत नव्हती. तेव्हा कैदेत असलेल्या आकादीय लोकांनाच या कामावर आणावे लागले. ज्यांच्या वाडवडिलांनी ते बांध रचले, तेच आता दुसऱ्यांच्या शेतांसाठी मजूर म्हणून ते सावरीत होते!

१७६४ नंतर त्यांना परत येण्याची मुभा मिळाली. परंतु जुनी शेते परकी झाली होती. परतलेल्यांनी खडकाळ किनाऱ्यावर नवी गावे वसविली व मासेमारी पत्करली. इतर काही दूर लुइझियानात स्थायिक झाले. १८४७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलो याने या हद्दपारीवर ‘इव्हँजेलिन’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले आणि ही कहाणी जगभर पोहोचली.

आज ग्रां-प्रे येथे जुन्या गावाच्या जागी एक स्मारक-चर्च उभे आहे. शेजारच्या शेतांत अजूनही पीक डोलते व बांध अजूनही समुद्राला अडवितात. २०१२ मध्ये या परिसराला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. २००३ मध्ये राणी एलिझाबेथ हिच्या नावाने निघालेल्या घोषणेत आकादीय लोकांनी सोसलेल्या दुःखाची कबुली देण्यात आली व २८ जुलै हा स्मरणदिन ठरला.

नोव्हा स्कोशियात पाहण्याजोगी इतर स्थळेही आहेत. १७५३ मध्ये वसलेले लूननबर्ग हे रंगीबेरंगी लाकडी घरांचे बंदर जागतिक वारशात गणले जाते. १९२१ मध्ये तेथे बांधलेले ‘ब्लूनोझ’ हे वेगवान शिडाचे जहाज कॅनडाच्या दहा सेंटांच्या नाण्यावर झळकते. हॅलिफॅक्सच्या एकविसाव्या धक्क्यावर १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख परदेशी लोक नव्या जीवनाच्या आशेने उतरले. आता तेथे संग्रहालय आहे. ज्या किनाऱ्यावरून एके काळी निरपराध माणसे हाकलली गेली, त्याच किनाऱ्याने पुढे लाखोंना आसरा दिला.

बलाढ्य समुद्राला थोपविणारे शेतकरी राजाज्ञेपुढे हतबल ठरले. तरी त्यांचे कार्य नष्ट झाले नाही. राज्ये बदलली, झेंडे बदलले. पण जमीन सुपीक करणाऱ्या हातांची खूण त्या बांधांत कायम राहिली.

स्वाध्याय

१. आकादीय शेतकऱ्यांनी समुद्राकडून जमीन कशी मिळविली, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. बांध राखणे हे सर्वांचे सामायिक कर्तव्य का होते?
३. आकादीय लोकांनी बिनशर्त शपथ का घेतली नाही? त्यांचे वागणे तुम्हांस योग्य वाटते काय? कारणे द्या.
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : दृष्ट लागणे, देशोधडीला लागणे, प्राणांस मुकणे.