‘जाईल आपोआप’ म्हणण्याआधी

बाळाच्या अंगावर लाल डाग दिसला की घरात पहिली उलटतपासणी होते ती आईची. ग्रहणात भाजी चिरलीस का? बीट फार खाल्लंस का? मग ती बिचारी मान खाली घालून तेच प्रश्न मला विचारते. म्हणून आधीच सांगते, यातल्या कशाचाही डागाशी संबंध नाही. जन्मापासून असणाऱ्या सपाट लाल डागाचं, म्हणजे पोर्ट-वाइन डागाचं, कारण तर २०१३ मध्ये सापडलंय. पोटात गर्भ वाढत असताना त्याच्या काही मोजक्या पेशींत एका जनुकात बदल होतो. तो आईकडून येत नाही, वडिलांकडूनही नाही. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

सगळे लाल डाग सारखे नसतात. पापण्यांवर, कपाळाच्या मध्यावर किंवा मानेमागे फिकट गुलाबी छटा असते, बाळ रडलं की ती गडद होते. ती अगदी सर्रास दिसते. पापणीवरची वर्ष-दोन वर्षांत विरते, मानेमागची राहिली तरी केसांखाली झाकली जाते. तिच्यासाठी काही करू नका. ढुंगणावरचा निळसर डाग तर रक्तवाहिन्यांचा नसतोच.

गफलत होते ती हिमॅन्जिओमाच्या बाबतीत. जन्मताना तिथे काहीच नसतं, फार तर ओरखड्यासारखी खूण. दोन-तीन आठवड्यांत लाल ठिपका उगवतो आणि बघता बघता स्ट्रॉबेरीसारखा फुगतो. मुलींमध्ये आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत तो जास्त आढळतो. बहुतेक वाढ पहिल्या तीन-पाच महिन्यांत उरकते. वाढदिवसानंतर रंग उतरू लागतो आणि चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक गाठी बसतात. त्यामुळे शेजारच्या काकू ‘जाईल आपोआप’ म्हणतात ते खोटं नाही. पण जाताना ती काय ठेवून जाईल, हे काकू सांगत नाहीत. मोठ्या गाठीच्या जागी सैल, सुरकुतलेली कातडी उरू शकते. पापणीवरची गाठ डोळा झाकते आणि झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही. ओठावरची किंवा लंगोटाखालची चिघळते. हनुवटी-गळ्यावर पसरलेली असेल आणि बाळाचा श्वास घरघरत असेल, तर श्वासनलिकेतही गाठ असू शकते. तेव्हा त्याच दिवशी निघा. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी लागते.

अशा बाळाला महिन्याभरात त्वचारोगतज्ज्ञांना किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. आपल्याकडे नेमका इथेच घोळ होतो. सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, मग दीड महिन्याच्या लसीला जाऊ तेव्हा दाखवू, असं ठरतं. गाठ सगळ्यात जोमाने वाढते ती याच सुमाराला. बाहेर काढायचं नसेल तर निदान फोटो पाठवा. खिडकीच्या उजेडात, डागाशेजारी रुपयाचं नाणं धरून, दर चार दिवसांनी एक. नाण्यामुळे वाढ किती झाली ते लगेच कळतं.

औषध आहे आणि चांगलं आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाला गाठीसाठी स्टेरॉइड चालू होतं, त्यात त्याच्या हृदयाचे स्नायू जाड झाले. म्हणून प्रोप्रानोलोल हे बीपीचं औषध सुरू केलं, तर दुसऱ्या दिवशी गाठच मऊ पडली! २००८ मध्ये डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि उपचारांची दिशाच पालटली. तेव्हा चिठ्ठी बघून औषधवाल्याने ‘एवढ्याशा बाळाला बीपीचं औषध?’ म्हणून डोळे मोठे केले, तर घाबरू नका. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करायचं. दूध पाजल्यावरच द्यायचं. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छाती वाजत असेल तर तो डोस चुकवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण उपाशीपोटी रक्तातली साखर एकदम उतरू शकते. सहसा सहा महिने तरी ते चालतं. लहान, पातळ गाठीला टिमोलोलचे थेंब वरून लावूनही भागतं.

पोर्ट-वाइन डाग मात्र जन्मापासून असतो, सपाट असतो आणि जात नाही. मुलाबरोबर वाढतो, वयाप्रमाणे गडद आणि जाड होतो. तो कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या आणि बाळाला झटके येतात का, यावर लक्ष ठेवा. पल्स्ड डाय लेझरने तो बराच फिका होतो, पण त्यासाठी बऱ्याच बैठका लागतात. पूर्ण पुसून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका. आपल्या सावळ्या कातडीत लेझरचा उजेड रंगद्रव्यही शोषतं, त्यामुळे काळे डाग पडू शकतात. अशी कातडी नेहमी हाताळणारा डॉक्टर शोधा.

बिब्बा, चुना, डागणी यांचं नावही नको. बिब्ब्याने भाजलेलं राहतं जन्मभर. आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशींना सांगा, तेवढ्या जागी डाळीचं पीठ चोळायचं नाही. गाठीतून रक्त आलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा.

राहता राहिले लोक. एसटीत, लग्नात कुणीतरी विचारणारच, ‘अगंबाई, भाजलं का हो?’ त्यासाठी एक छोटं उत्तर घरात ठरवून ठेवा, ‘जन्मखूण आहे, दुखत नाही.’ मुलासमोर सुस्कारा न टाकता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचं. चौथ्या वर्षी बालवाडीत तुम्ही बरोबर नसता. तेव्हा तेच उत्तर त्याच सुरात मूल स्वतः देतं.