लांबलेली रोपं आणि हाताचा गुण

“काका, रोपात काही खोट नव्हती. तुमच्या हाताला गुण नाही.”

26 मेलेली रोपं गोणपाटात गुंडाळून मी त्या नर्सरीत गेलो होतो, तिथे हे ऐकून परत आलो. तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत. अंबरनाथला कारखान्यात 31 वर्षं फिटर होतो. काम बिघडलं तर ते आधी उघडून बघायचं आणि मग बोलायचं, ही तिथली सवय. त्या माणसाने गोणपाटाची सुतळीसुद्धा सोडली नाही. नर्सरीचं आणि त्याचं नाव लिहीत नाही. बदलापुरात गच्चीवर भाजी लावणाऱ्या कुणाचंही असं होऊ शकतं, म्हणून सगळं लिहितो आहे.

2 नोव्हेंबरला मी 36 रोपं घेतली: टोमॅटो 16, मिरची 12, वांगी 8. 20 रुपयाला एक, म्हणजे 720 रुपये. टोमॅटो वीतभराहून उंच होते, मिरची त्याहून थोडी कमी. खोड पेनाच्या रिफिलीएवढं. एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत तीन बोटं अंतर. वरच्या चार पानांखेरीज सगळं खोड उघडं. ट्रे सरळ धरला की रोपं एकमेकांच्या आधाराने उभी राहत, एक वेगळं काढलं की आडवं होई. मी विचारलं, ही अशी का? उत्तर आलं, “जोमात आहेत काका, उंची बघा ना.” मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं. कुंड्या भरून तयार होत्या आणि थंडी सुरू व्हायला आली होती.

नर्सरीतल्या पोराने पिशवी भरताना एक वाक्य टाकलं होतं, ते मी कानाआड केलं. म्हणाला, “घेऊन जा काका, नवरात्रातला माल आहे, संपवायचाच आहे.” म्हणजे नवरात्रात विकायला तयार असलेली रोपं नोव्हेंबरपर्यंत त्याच ट्रेत, त्याच चमचाभर कोकोपीटमध्ये उभी होती. टोमॅटोचं रोप पेरल्यापासून 25 ते 30 दिवसांत लावायला येतं, मिरचीचं 35 ते 40 दिवसांत. माझ्याकडे आलेली त्याच्या जवळजवळ दुप्पट वयाची होती.

रोप असं लांबतं ते उजेडाच्या ओढीने. त्या नर्सरीत हिरवी जाळी दुहेरी होती आणि ट्रेला ट्रे चिकटलेले होते. दाटीत उभ्या असलेल्या रोपाला शेजारच्या पानांतून गाळून आलेला उजेड मिळतो. त्यातून त्याला कळतं की आपण सावलीत आहोत. मग ते पान आणि मूळ सोडून सगळी ताकद खोड लांबवण्यात घालतं. त्यात ऑक्टोबरचा उकाडा, रोजचं भरपूर पाणी आणि हिरवंगार दिसावं म्हणून दिलेला युरिया. त्या उंचीत जोम नसतो. खोडाच्या आत धरून ठेवणारं काही तयारच झालेलं नसतं.

आता माझ्या चुका. त्या मी लपवत नाही.

पहिली चूक मातीची. आम्ही बदलापूर गावात राहतो, नदी आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. उल्हासच्या काठचा पोयटा म्हणजे सोनं, हे लहानपणापासून ऐकलेलं. 27 जुलै 2019 ला, महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली त्या दिवशी, आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर जो गाळ राहिला त्यात अंगणातल्या अळूला सुपाएवढी पानं आली. तेव्हापासून पोयट्यावर माझा फार विश्वास. मी 12 कुंड्यांमध्ये निम्म्याहून जास्त पोयटा घातला. जमिनीत पोयटा चालतो, कारण खाली पाणी उतरायला जागा असते, गांडुळं असतात, भेगा पडतात. कुंडीत तोच पोयटा दोन पाण्यांत बसतो आणि विटेसारखा होतो. वर कोरडा दिसतो, खाली चार बोटांवर चिखल. मी वरचं बघून पाणी घालत राहिलो.

दुसरी चूक कुंडीच्या मापाची. चमचाभर मातीतलं रोप मी एकदम 14 इंची कुंडीत टाकलं. एवढ्या मातीतलं पाणी प्यायला त्याला मुळं कुठे होती? ज्या मातीत मुळं नाहीत ती ओलीच राहते, आंबते, आणि मग बुरशी धरते.

तिसरी चूक मात्र पुरती माझी म्हणता येणार नाही. मी विचारलं होतं की एवढं लांब खोड, लावू कसं? नर्सरीवाला म्हणाला, “पानांपर्यंत मातीत दाबा, सगळी एकसारखी.” सगळी. टोमॅटो, मिरची, वांगी, तिन्ही. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे केलं आणि आठव्या दिवसापासून मिरच्या माना टाकू लागल्या. दुपारी सुकायच्या, संध्याकाळी जरा सावरायच्या, मला वाटायचं ऊन लागलं. मी आणखी पाणी घालायचो. दहाव्या दिवशी चार गेल्या, पंधराव्या दिवसापर्यंत दहा. मग वांगी आणि काही टोमॅटोही.

20 नोव्हेंबरला सकाळी मी बादलीत पाणी घेऊन गच्चीत बसलो आणि मेलेली रोपं एकेक करून धुतली. हे आधी करायला हवं होतं. पहिली मिरची उपटली तर मातीतून बाहेर आला तो ट्रेच्या खणाचा साचा. वर रुंद, खाली निमुळता, जसाच्या तसा. 18 दिवसांत एकही मूळ त्या साच्याच्या बाहेर गेलेलं नव्हतं. आत मुळं गोल गोल गुंडाळलेली, तपकिरी, खालच्या टोकाला सुतळीच्या गाठीसारखा गोळा. खोडाचा जो भाग मी मातीत दाबला होता त्याची साल अंगठा फिरवताच सुटून आली आणि आत दोऱ्याएवढी काडी उरली. मग मी दुसरी धुतली, तिसरी धुतली, वांगी धुतली. सगळीकडे तेच, साचा तसाच आणि बुंधा सडलेला.

मग शंका आली म्हणून एक जिवंत टोमॅटो कुंडीसकट आडवा करून हळूच मोकळा केला. त्याचा साचाही घट्ट होता. पण मातीत दाबलेल्या खोडावर, सगळ्या लांबीवर, पांढरी पुळ्यांसारखी टोकं फुटली होती आणि त्यांतली काही चांगली पेरभर लांब मुळं झाली होती. जुनी मुळं निकामी होती, तरी रोप खोडातून नवी मुळं काढून जगलं होतं. टोमॅटो हे करतो. मिरची आणि वांगी तशी सहज करत नाहीत, त्यांचं कोवळं खोड ओल्या मातीत खोल गाडलं की कुजतं. एवढी एक गोष्ट त्या माणसाला माहीत नसेल, असं मी मानायला तयार नाही. रोपं विकणं हाच त्याचा धंदा आहे.

दुसऱ्या दिवशी मी गोणपाट घेऊन गेलो. पुढचं सुरुवातीला लिहिलंच आहे. वर तो असंही म्हणाला की बाकीच्यांची रोपं छान लागली. आमच्याच आळीतल्या एका ताईंनी त्याच आठवड्यात तिथूनच 10 मिरच्या नेल्या होत्या. मी परत आल्यावर त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या दोन उरल्या होत्या. त्यांच्या कुंडीत पोयटा नव्हता, माती विकतची होती. तेव्हा आता माझ्या हाताच्या गुणाचं काय ते वाचणाऱ्याने ठरवावं.

गावातल्या ज्या आजींकडून आम्ही तांदूळ घेतो, त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांच्या शेतात अजून भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आलेली वाणं लावतात. त्या म्हणाल्या, “भाऊ, आवण म्हातारा झाला की फुटवा धरीत नाय. पाऊस लांबला न् रोप राबातच राहिलं, तर लावणी करून काय? पीक निम्मं.” तीन आठवड्यांचं आवण, म्हणजे भाताचं रोप, लावायचं ते दीड महिन्याचं लावलं की काय होतं, हे भातवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मी मात्र रोपाचं वय विचारलं नाही.

आता कुणाला लांबलेली रोपं मोठ्या कुंडीत लावायची वेळ आलीच, तर माझ्या पदरात जे पडलं ते असं.

घेण्याआधी एक रोप खणातून उपसून बघा. मुळं पांढरी हवीत आणि माती धरून ठेवण्यापुरती हवीत. गोल गुंडाळलेली, पिवळट असतील तर फुकटही आणू नका. उपसू देत नसेल तर तिथून निघा. रोप पेरून किती दिवस झाले हे विचारा, आणि मालकाला विचारण्यापेक्षा पाणी घालणाऱ्या पोराला विचारा.

आणल्या आणल्या लावू नका. मी त्याच संध्याकाळी लावली. दुहेरी जाळीतलं रोप आपल्या उघड्या गच्चीवर आलं की पानं भाजतात. बदलापूरचं नोव्हेंबरचं ऊनही कमी नसतं, एप्रिल-मेमध्ये तर पारा 40 च्या वर जातो. पहिले दोन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत आठवडाभराने पूर्ण. पाणी थोडं ताणा. वाऱ्यावर ठेवा, वाऱ्याने हललेलं खोड जाड होतं.

टोमॅटो असेल तर खालची पानं काढून खोड आडवं चरात ठेवा आणि शेंडा हलक्या हाताने वर वळवा. खोल खड्ड्यात उभं गाडण्यापेक्षा हे बरं, वरची माती उबदार आणि हवेशीर असते. पण रोप कलमी असेल, हल्ली वांगी-टोमॅटोची कलमी रोपं मिळतात, तर कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. तो गाडला की कलमाचे पैसे वाया.

मिरची आणि वांगी खणात होती तेवढ्याच खोलीवर, फार तर बीजपत्रांच्या खाली बोटभर. बाकीच्या लांबीला काठी द्या. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल. रोप रुजल्यावर मिरचीचा शेंडा खुडा, बाजूने फूट येते आणि लांबी आपोआप भरून निघते. माझ्या दोन वाचलेल्या मिरच्या अशाच सावरल्या.

गुंडाळलेली मुळं असतील तर लावण्याआधी पाण्यात बुडवून बोटाने सैल करा, तळाची गाठ कात्रीने कापून टाका. हात थरथरतो, पण ती गाठ तशीच राहिली तर रोप त्या साच्यातच मरतं. मी 26 वेळा पाहिलं आहे.

आधी 4 इंची पिशवी, तीन आठवड्यांनी 12 इंची कुंडी. मधली पायरी गाळू नका. मिश्रणात माती एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड. पोयटा घालायचाच तर मातीच्या भागातला निम्मा, त्याहून जास्त नाही. ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून घातला तर बुंधा सडण्याला आळा बसतो. लावणी उन्हं कलल्यावर करावी. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, नंतर बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागेल तेव्हाच. पहिले 10 दिवस खत नको. कुंडीची भोकं मोकळी आहेत ना ते बघा, खाली बशी ठेवू नका.

बाकी नियमित लक्ष द्यावं, पानं उलटून बघावीत, हे सगळे सांगतातच.

36 पैकी 10 रोपं जगली: 7 टोमॅटो, 2 मिरच्या, 1 वांगं. जानेवारीत टोमॅटोला घोस लागले. मिरचीचं बी मी स्वतः 5 डिसेंबरला पेरलं, पूर्वेच्या कठड्यावर, जाळी न लावता. 38 व्या दिवशी ती रोपं सहा इंचांची होती, खोड पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचं, आणि आडवा ट्रे हलवला तरी एकही रोप लवत नव्हतं. त्यातली 12 लावली, 12 ही लागली. आळीतल्या ताईंना 8 दिली, त्यांची 8 ही लागली.

ते गोणपाट मी नर्सरीच्या टेबलावरच ठेवून आलो होतो. 720 रुपये परत आलेले नाहीत.