कार्ड चोरीस गेले तर

बाजारात कोणी आमचे पाकीट मारले. त्यात बँकेचे कार्ड होते. लोक हसतील म्हणून आम्ही दोन दिवस गप्प बसलो. तेवढ्यात चोराने सहा हजारांचा माल उचलला. मोबाइलवर बँकेचे संदेश आले होते. मास्तर असून आम्ही ते वाचले नाहीत!

तुम्ही तसे करू नका. कार्ड गेले की आधी बँकेला फोन करा. कार्ड बंद करायला सांगा. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. आता लिहिता येते ना? पैसे गेले असतील तर १९३० या सरकारी नंबरावरही कळवा.

२०१७ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला. आपण कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते बँकेने सोसायचे. आधीचे मात्र, चूक आपली असेल तर, आपल्याच अंगावर. आमच्या पाकिटात पिनची, म्हणजे कार्डाच्या गुप्त आकड्याची, चिठ्ठीही होती. ते सहा हजार गेले ते गेलेच.