काटा ‘पी’वर, गाडी उतारावर

स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा ‘पी’वर नेला की गाडी जागची हलत नाही, हा विश्वास इंजिन बदललेल्या जुन्या गाडीत महागात पडू शकतो. माझी 1968 ची शेव्हरोले सी-10 पिकअप काटा ‘पी’वर आणि इंजिन चालू असताना, पिट्सबर्गच्या आमच्या उतरत्या ड्राइव्हवेवरून आपोआप मागे निघाली. मागे कुंपण होतं, माणूस नव्हतं, म्हणून हे थंड डोक्याने लिहिता येतंय.

ही गाडी माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या मालकाने एका गॅरेजकडून तिचं हृदयपरिवर्तन करून घेतलेलं होतं. मूळचं 250 घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गतींचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून 350 घन इंचांचं व्ही-8 आणि चार गतींचा 700आर4 बसवला होता. इंजिनाचं काम चोख होतं. पण स्टिअरिंगचा कॉलम जुनाच ठेवलेला, आणि त्याला गिअरबॉक्सशी जोडणारा रॉड मधे तुकडा वेल्ड करून लांबवलेला. गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, ‘जुनी गाडी आहे, दांडा जरा जोरात वर रेटत जा.’ असं उत्तर देणाऱ्या गॅरेजचा उंबरा पुन्हा ओलांडू नये.

आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटवर हात बसलेल्यांना हाताचा गिअर नवा नाही. दोन गिअर एकदम अडकले की बॉनेट उघडून लिव्हर हाताने न्यूट्रलला आणायची, हा तर अनेक टॅक्सीवाल्यांचा नित्यक्रम असायचा. पण तिथे गिअर पडला नाही तर निदान कळतं तरी. ऑटोमॅटिकमध्ये दांडा आणि गिअरबॉक्स यांचं एकमत नसलं तरी गाडी बराच काळ निमूट चालते. पार्कमध्ये एक खिटी दातेरी चाकात अडकून गाडी धरते. ती पूर्ण न बसता पार्क आणि रिव्हर्सच्या मधे कुठेतरी अडली, तर इंजिनाच्या थरथरीने निसटते आणि गाडी रिव्हर्समध्येही जाऊ शकते. फोर्डच्या गाड्यांबाबत अशा तक्रारींचा डोंगर झाला, तेव्हा 1980 च्या अखेरीस अमेरिकी सरकारशी तडजोड होऊन 1966 ते 1980 च्या गाड्यांच्या सुमारे 2 कोटी 30 लाख मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला इशाऱ्याचे स्टिकर पाठवले गेले. माझ्या मते स्टिकर हा काही इलाज नव्हे.

आता मूळ दुखणं. पॉवरग्लाइडला पाच जागा असतात: पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो. 700आर4 ला सात. कॉलमच्या आत खाचांची एक पट्टी असते, ती दांडा कुठे थांबेल ते ठरवते. पाच खाचांची पट्टी सात जागा कुठून देणार? तरी वरच्या चार जागा जुळवता येतात. गॅरेजने काय केलं असेल ते गाडीखाली आडवं पडल्यावर ध्यानात आलं. दांडा ‘डी’वर ठेवून रॉड आवळला होता, कारण गाडी रस्त्यावर चालली की काम झालं. पण गिअरबॉक्सच्या बाजूची लिव्हर गरजेपेक्षा लांब होती. लांब लिव्हर तेवढ्याच ओढीत कमी फिरते. त्यामुळे ‘डी’ अचूक, न्यूट्रल किंचित अलीकडे, रिव्हर्स आणखी अलीकडे आणि पार्क तर पोचतच नव्हतं.

एवढं समजलं की निदान सोपं होतं. सगळ्या जागा एका दिशेला सारख्याच चुकत असतील तर रॉडची लांबी चुकली आहे. चूक एका टोकाकडे वाढत जात असेल तर लिव्हरच्या लांबीचं प्रमाण बिघडलंय. रॉड कितीही फिरवा, एक टोक जुळलं की दुसरं सुटणार. वरून खाली येताना काटा एकीकडे आणि खालून वर जाताना दुसरीकडे दिसत असेल, तर बुशमध्ये खेळ आहे. ते आधी बदला, मग बाकीचं. आणि उभ्या गाडीत सगळं नीट, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दांडा थरथरतो? मग नजर इंजिनाच्या माउंटिंगकडे वळवा. कॉलम गाडीच्या अंगाला बांधलेला, गिअरबॉक्स इंजिनाला. व्ही-8 जोर लावताना ड्रायव्हरच्या बाजूने वर उचललं जातं आणि रबर फाटलं असेल तर रॉडलाही ओढतं. फाटकी माउंटिंग ही किरकोळ बाब नव्हे: 1965 ते 1969 च्या सुमारे 67 लाख शेव्हरोले गाड्या कंपनीने याच कारणाने 1971 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

जुळवणी नेहमी खालून वर करायची. सपाट जागा, चाकांना ठोकळे, हँडब्रेक, इंजिन बंद. रॉड कॉलमपासून सोडवा आणि गिअरबॉक्सची लिव्हर हाताने फिरवा. प्रत्येक जागी ‘टक’ असा घट्ट ठोका बोटांना जाणवतो, सात ठोके मोजा. लिव्हर पार्कच्या टोकाला न्या. आता हँडब्रेक सोडा, ठोकळे चाकांपासून चार बोटं लांब सरकवा आणि कुणाला तरी गाडी पुढे-मागे ढकलायला सांगा. खिटी बसली असेल तर गाडी जरा डुलून थांबते. मात्र हे करताना गाडीखाली कुणी नको. ठोकळे पुन्हा भिडवा, हँडब्रेक ओढा, दांडा ‘पी’वर ठेवा, रॉडच्या टोकाचा फिरता तुकडा भोकाशी जुळवा आणि ओढाताण न करता आवळा. रॉड जबरदस्तीने भोकात घालावा लागत असेल तर थांबा. मग उरलेल्या जागा तपासा: आधी गिअरबॉक्सचा ठोका पडला पाहिजे, नंतर कॉलमची खाच. उलटं होत असेल तर आतली झडप अर्धवट उघडी राहते, तेलाचा दाब कमी पडतो आणि क्लचच्या प्लेटा घसरून जळतात.

मी अनेक भोकांची लिव्हर बसवली आणि रॉड शाफ्टच्या जवळच्या भोकात घातला. लिव्हर जास्त फिरू लागली, वरच्या चारही जागा जुळल्या. पण दांडा ‘एल’वर नेला तरी गाडी तिसऱ्याच गतीत राहायची, खालच्या दोन हाताला लागत नव्हत्या. इथल्या डोंगरउतारांवर इंजिनाच्या ओढीने वेग आवरायला त्याच तर लागतात. त्यासाठी कॉलम उघडून चार गतींसाठीची खाचांची पट्टी बसवावी लागली. हे काम कटकटीचं आहे. स्टिअरिंग उतरवायची सवय नसेल तर जाणत्याकडे द्या.

दोन गोष्टी राहिल्या. रॉड सायलेन्सरच्या गरम पाइपाला घासत असेल तर त्यावरचे प्लास्टिकचे बुश वितळतात. निदान बोटभर अंतर ठेवा. आणि कॉलमवरचा स्टार्टरचा स्विच पुन्हा जुळवा. ब्रेक गच्च दाबून प्रत्येक जागी चावी फिरवून पाहा: गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू झाली पाहिजे. रिव्हर्समध्ये नुसता स्टार्टर जरी फिरला, तरी गाडी रस्त्यावर काढू नका.