मराठी शाळेतले मास्तर आणि आकाशाचा हिशेब

आपल्या अमरावती-अकोल्याकडे मृग लागला की शेतकरी वर पाहू लागतो. मृग दरवर्षी ७ जूनच्या सुमारास लागतो. पण त्या दिवसाची तिथी दरवर्षी वेगळी असते. एका वर्षी ती ज्येष्ठातली असते, तर एखाद्या वर्षी वैशाखातली. असे का होते?

कारण असे. मृग सूर्यावरून ठरतो आणि तिथी चंद्रावरून. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांतच संपतात. दरसाल ११ दिवसांची तूट पडते. ही तूट साचत जाते. पावणेतीन वर्षांच्या आतबाहेर ती महिन्याएवढी होते. मग पंचांगात एक महिना जादा धरतात. तोच आपला अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. मोहरमच्या वर्षात असा जादा महिना धरत नाहीत. म्हणून मोहरम कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात.

हा झाला ढोबळ हिशेब. खरा हिशेब फार बारीक आहे, कारण चंद्राची चाल कधी जलद असते, कधी मंद. हे गणित कसकसे वाढत गेले, ते मराठीत लिहून ठेवणारा एक थोर माणूस होऊन गेला. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. ते कोणी बडे प्रोफेसर नव्हते. ते शाळामास्तर होते.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली कोकणात झाला. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरुड नावाचे खेडे आहे, ते त्यांचे गाव. गावच्या मराठी शाळेत ते शिकले. मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरकीचे शिक्षण झाले. १८७४ साली ते मॅट्रिक झाले. शाळेचे शिकणे तेवढ्यावरच थांबले. पुढे सारा जन्म नोकरी. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत गेल्या. दिवसा मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जुने संस्कृत ग्रंथ वाचून गणित करायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या गणिताचा उपयोग काय झाला, ते एका उदाहरणाने पाहू.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तेथे गुप्त राजांच्या काळातला एक दगडी खांब आहे. त्यावर कोरले आहे, की वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. पण हे १६५ कधीपासून मोजायचे? त्यावर विद्वानांचा मोठा वाद होता. कोणी एक सन सांगे, कोणी दुसरा. आता पाहा, आषाढातली बारस तर दरवर्षी येते. पण ती गुरुवारीच येईल, असे दरवर्षी होत नाही. दीक्षितांनी मागचा हिशेब मांडला. २१ जून ४८४ या दिवशी तिथी आणि वार दोन्ही जुळले. चौदाशे वर्षांपूर्वीचा दिवस मास्तरांनी कागदावर सापडवून दिला! फ्लीट नावाच्या इंग्रज पंडिताने १८८८ साली गुप्त राजांच्या लेखांचा ग्रंथ छापला, तेव्हा या गणिताचा आधार घेतला.

१८९६ साली दीक्षितांचा मोठा ग्रंथ निघाला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हे त्याचे नाव. नावावरून कोणी तो भविष्याचा ग्रंथ समजेल. तसे नाही. आपल्या लोकांनी ग्रहताऱ्यांचे गणित कसे केले, त्याचा तो इतिहास आहे. त्याच साली रॉबर्ट स्यूएल नावाच्या साहेबाबरोबर त्यांनी इंग्रजीतही पुस्तक काढले. आपली तिथी कोणत्या इंग्रजी तारखेला पडते, हे काढण्याची कोष्टके त्यात आहेत. १८९८ साली दीक्षित वारले. पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे त्यांच्या मराठी ग्रंथाचे हिंदीत आणि इंग्रजीत भाषांतर झाले.

वाचकहो, आम्हीही मॅट्रिकच. आम्हीही शाळामास्तर. कॉलेज मिळाले नाही, म्हणून आपले शिकणे राहिले, असे आम्ही नोकरीभर म्हणत आलो. दीक्षितांची हकीकत कळली, तेव्हा आम्ही मनातून ओशाळलो. त्यांनाही कॉलेज मिळाले नव्हते. पण त्यांनी शिकणे सोडले नाही.

तुमच्यापैकी कोणी आम्हांला म्हणतात, “गुर्जी, आता या वयात शिकून काय करू जी?” आम्ही सांगतो, आजवर तिथी दुसऱ्याला विचारावी लागत होती. जुन्या कागदावरची मिती दुसरा वाचील ती खरी मानावी लागत होती. आता अक्षर तुमचे झाले, आकडा तुमचा झाला. आता स्वतः पाहा. कोणी चुकीचे सांगितले, तर त्या ओळीवर बोट ठेवा.

करून पाहा

१. पंचांग उघडा. आजची तिथी, वार आणि नक्षत्र शोधा.

२. या वर्षी मृग लागला, त्या दिवशी कोणती तिथी होती? मागच्या वर्षी कोणती होती?

३. घरच्या जुन्या कागदावर शके असेल, तर त्यात ७८ मिळवा. इसवी सन येईल. माघ-फाल्गुनाची मिती असेल, तर ७९ मिळवा.